आबांचा बांध आणि भूतानचं कुरण

मी लहान होते तेव्हा आमच्या घराला पत्ता नव्हता. आटपाडीच्या बाजूला माळावर चार भिंती होत्या, पण पावसाळा सोडला तर त्यांत कुणी राहायचं नाही. दिवाळी झाली की आबा, आई, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, बिऱ्हाडाच्या वर बसलेली मी आणि पुढं आमची मेंढरं, असे आम्ही निघायचो. औंधच्या डोंगरावरच्या यमाईला खालूनच हात जोडायचे आणि तिथनं वळून कुंडलच्या अंगाला, ऊसपट्ट्यात उतरायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बागायतदार शेतकरी पीक निघाल्यावर रिकाम्या रानात धनगराची मेंढरं बसवून घेतो. भोवती जाळीचं कुंपण मारायचं, कळप एका जागी बसला की लेंड्यांचं खत रानाला मिळतं, आणि त्याबद्दल धनगराला जोंधळे मिळतात. आमचं वर्ष त्या जोंधळ्यांवर निघायचं. कधी कमी पडायचे, मग आई हुलग्याचं माडगं करायची आणि आम्ही ते दोन्ही वेळेला प्यायचो.

कुंडलच्या अलीकडं एका गावात दोन शेजारी शेतकरी होते. नावं घेत नाही, आम्ही त्यांना अण्णा आणि तात्या म्हणायचो. दोघांचं पटत नव्हतं. माझ्या आज्यापासून आमची मेंढरं दोघांच्याही रानात बसायची, आणि ते सांभाळणं हेच आबांचं अर्धं काम होतं. इकडं तीन मुक्काम तर तिकडं तीन. एकाच्या दारात चहा घेऊन दुसऱ्याच्या रानाकडं निघाले की आबा वाटेत चूळ भरायचे. म्हणायचे, "वास बी नगं."

मी नऊ वर्षांची असताना त्या दोघांची बांधावरून जुंपली. मोजणी आली, पंच जमले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ह्या धनगराला इचारा की. ह्येचा बा बी हितंच बसायचा. ह्येला दोघांतलं कुनीच जवळचं न्हाई."

आबांनी पायताण काढलं, रानात गेले आणि दाखवलं. "धोंडा हितं हुता. बाभळीच्या मुळापाशी."

खरं तेच दाखवलं. त्यानं दोन हात रान तात्यांच्या बाजूला गेलं.

पुढच्या वर्षी अण्णांनी आम्हाला रानात पाय ठेवू दिला नाही. ते आबांनी धरलेलंच होतं. पण तात्यांनीही दिला नाही. मधल्या काळात दोन्ही घरांत सोयरीक जमली होती, आणि झाल्या भांडणाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायला पाहिजे होतं. "धनगरानं लावालावी केली," असं गावानं ठरवून टाकलं होतं. आसपासच्या गावांतही ते पोचलं. दोन वर्षं आबांनी दुसरीकडं रानं धुंडाळली, मग आटपाडीच्या बाजारात मेंढरं विकली आणि एका डाळिंबाच्या बागेत कामाला लागले.

आईबापानं कष्ट करून शिकवलं असं सगळेच सांगतात. माझ्याही आईबापानं कष्ट केलेच. पण खरी गोष्ट अशी की आमच्या बिऱ्हाडाचे पाय थांबले, म्हणून माझी शाळा बुडायची थांबली.

आबांनी मात्र त्या दिवसापासून कशावरच मत दिलं नाही. निवडणूक असो, भावकीतलं भांडण असो, कुणी विचारलं की एकच उत्तर. "आमाला काय कळतंय." लोक त्यांना भोळे समजायचे. मला त्या वाक्याचा राग यायचा.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. सांगलीत विश्रामबागला वसतिगृहात राहून राज्यशास्त्रात बी.ए., एम.ए. केलं आणि पीएच.डी.ला बसले. विषय घेतला भूतान. भारत आणि चीन या दोन मोठ्या देशांच्या मध्ये बसलेला हा एवढासा देश. काही वर्षांपूर्वी डोकलामच्या पठारावर दोन्हीकडचे सैनिक समोरासमोर उभे राहिले तेव्हा भूताननं एक छोटं निवेदन काढलं आणि नंतर तोंड मिटलं. का मिटलं, हे माझं तिसरं प्रकरण. मी लिहिलं होतं, दुर्बळ होता म्हणून.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते प्रकरण परत केलं.

"सारिका, हे तू वाचून लिहिलंयस. कागदी झालंय. तू गेलीस का तिथं?"

"भूतानला?"

"मग काय, मिरजेला?"

मुदत सहा महिन्यांवर आली होती. तिसरं प्रकरण उभं राहिलं नाही तर प्रबंध पडणार होता, आणि पुन्हा नोंदणी करून आणखी चार वर्षं काढायची माझी ताकद नव्हती. मी जायचं ठरवलं. एकटी जाऊ नको म्हणून आई अडून बसली. आबा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "तितं जित्राबं हायत का?"

"याक आहेत, आबा. केसाळ. म्हशीएवढे."

"मग मी येतो."

फुन्शोलिंग

रेल्वेचे तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. आबांनी डब्यातल्या निम्म्या लोकांना शेंगदाण्याची चटणी वाटली, एवढंच.

बंगालच्या टोकाला जयगाव आहे आणि त्याला लागून भूतानचं फुन्शोलिंग. मध्ये एक रंगीत वेस. वेशीच्या अलीकडं हॉर्न, चिखल, हातगाड्या, आरडाओरडा. पलीकडं पाऊल टाकलं आणि सगळं एकदम शांत. आबा मागं वळून बघायला लागले. "दार लावल्यावानी गप झालं गं."

आमचा वाटाड्या कर्मा तिथं भेटला. तिशीतला, गुडघ्यापर्यंतचा त्यांचा घो नावाचा झगा घातलेला, हिंदी आमच्यापेक्षा चांगलं. भारतीय माणसाला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं. पण आबांच्या कार्डावरच्या फोटोत फेटा, मिशा आणि काळोख यांशिवाय काही दिसत नव्हतं. खिडकीतला अधिकारी एकदा कार्डाकडं आणि एकदा आबांकडं बघत राहिला. शेवटी हसला आणि शिक्का मारला. तंबाखूचं मात्र कर्मानं ऐकलं नाही. इथं तिचे कायदे कडक, दाखवायची, कर भरायचा, कशाला भानगड, म्हणाला. आबांनी चंचीतली तंबाखू वेशीअलीकडच्या चहावाल्याकडं ठेवायला दिली, "सांभाळ बाबा," असं त्याला मराठीत बजावलं आणि पानसुपारी, चुना तेवढा बरोबर घेतला.

अर्जावर व्यवसायाचा रकाना होता. मी पेन थांबवलं. मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती.

"धनगर लिव की," आबा म्हणाले. "आनि काय?"

मी लिहिलं.

थिंफू

राजधानीत सिग्नल नाही. चौकात लाकडी छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस उभा असतो आणि नाचल्यासारखे हात करून गाड्या सोडतो. विश्रामबागच्या चौकात हा माणूस अर्ध्या तासात हात टेकेल. तिथं सगळे थांबतात, कुणी हॉर्नही मारत नाही.

आम्हा सांगली-साताऱ्याच्या माणसांना तिखटाचा गर्व असतो. तो दुसऱ्या दिवशी जेवताना उतरला. तांबड्या भाताबरोबर एक भाजी आली. मी विचारलं, यात काय आहे? कर्मा म्हणाला, मिरची. बरं, मिरची घालून भाजी कशाची? तो म्हणाला, मिरचीचीच. उभ्या चिरलेल्या मिरच्या चीजमध्ये शिजवलेल्या. आबांनी खर्ड्यावर वाढलेल्या माणसाच्या तोऱ्यात मोठा घास घेतला. मग बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले. डोळे पुसून म्हणाले, "चांगलीय. पर ही मानसं रागावत कशी न्हाईत, एवढं खाऊन?"

त्या दुपारी मला एका निवृत्त अधिकाऱ्यांची भेट मिळाली होती. परराष्ट्र खात्यात आयुष्य काढलेले, सत्तरीचे, दार्जिलिंगला शिकलेले. या एका भेटीसाठी मी चार महिने पत्रं लिहीत होते. त्यांनी लोणी-मिठाचा चहा दिला. मी प्रश्न काढले. त्यांनी आबांना विचारलं, तुमच्याकडं पाऊस कसा आहे?

आबांनी पाऊस सांगितला. मग साहेबांनी त्यांचा पाऊस सांगितला. मग लोकरीवर गेले. घोंगडी कशी विणतात, पाणी अंगावर घेते का. मी तीन वेळा विषयावर आणलं. भूताननं भारताची बाजू उघड का घेतली नाही? चीनला कडक का बोलला नाही? घाबरला का? तिसऱ्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला.

"बेटी, हमने एक बार कहा था। लिखा हुआ है। पढ़ लीजिए।"

आणि पुन्हा पाऊस.

पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा मला रडू येत होतं. वहीचं पान कोरं होतं. आबा खुशीत होते. "मानूस लय शाना हाय."

"आबा, त्यांनी काय सांगितलंच न्हाई की!"

"त्येच म्हनतोय मी."

मी त्या दिवशी आबांशी बोलले नाही.

हा

पश्चिमेच्या त्या खोऱ्याचं नावच 'हा' आहे. पारोहून निघून चेले ला नावाच्या खिंडीतून उतरावं लागतं. खिंडीत प्रार्थनेचे शेकडो झेंडे, वारा असा की बोलता येत नाही, आणि समोर एक बर्फाचं शिखर, आत्ताच कुणी धुऊन वाळत घातल्यासारखं. आबांना दम लागला. गाडीच्या चाकाला टेकून, घोंगडी डोक्यावरून घेऊन ते बसले. सगळ्या आयुष्यात एवढ्या उंचीवर कधी आलो नव्हतो, म्हणाले.

या खोऱ्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या याक घेऊन उन्हाळ्यात वर कुरणांवर जातात, थंडीत खाली येतात. त्यातली काही कुरणं डोकलामच्या बाजूला, चीनशी वाद असलेल्या हद्दीत. म्हणून मला इथंच यायचं होतं. कर्मानं ओळखीतल्या एका याकवाल्याकडं नेलं. तिकडं बापाला आपा म्हणतात, आम्हीही त्यांना आपाच म्हटलं. आबांच्याच वयाचे, हातात गोफण, दगडी भिंतीच्या आडोशाला बसलेले. उतारावर काळे याक चरत होते.

मी वही काढली आणि पहिला प्रश्न विचारला. आपके याक कितने हैं?

आपांचा चेहरा बंद झाला. कर्मा जमिनीकडं बघायला लागला. आणि आबा माझ्यावर खेकसले, वीस वर्षांत प्रथमच. "दुसऱ्याची जित्राबं मोजत न्हाईत! एवढी बुकं शिकलीस, एवढं कळंना?"

मला कळायला पाहिजे होतं. आमच्याकडं कुणी आबांना मेंढरं किती विचारलं की ते म्हणायचे, देवानं दिली तेवढी. आबांचं बोलणं आपांना समजलं नसणार, पण राग समजला. ते हसायला लागले. दात पानानं लालभडक.

आबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. आपांनी आपलं पान काढलं. तिकडं त्याला डोमा म्हणतात: ओली सुपारी, पान, चुना. आबांनी चंची उघडली. दोघांनी एकमेकांच्या चुन्याकडं पाहिलं. आबांनी आपला चुना आपांच्या पानाला लावला, आपांनी आपला आबांच्या. मी वही मिटून लांब बसले. आबांचं हिंदी म्हणजे आटपाडीची भाषा आणि शेवटी 'है'. तरी याक आजारी पडला तर काय करता, लांडगा येतो का, लोकर कोण कातरतं, असं बरंच चाललं. जे अडायचं ते कर्मा सोडवायचा.

पलीकडच्या कुरणांवर आता जात नाही असं बोलण्यात आलं, तेव्हा आबांनी विचारलं, "वर का जाते न्हाई अब? उधर?" आणि डोंगराकडं हात केला.

आपांनी सांगितलं. कर्मा मला हिंदीत सांगत गेला. त्यांच्या आज्याच्या काळात ते दोन डोंगर ओलांडून पलीकडं जायचे. पुढं हद्दीचा वाद लागला आणि जाणं कमी होत गेलं. मग एकदा सरकारी माणसं आली. विचारलं, तुमचे याक कुठपर्यंत चरायचे? आपांनी दाखवलं. आज्यानं बांधलेल्या दगडी निवाऱ्यांच्या जागा सांगितल्या. ते लिहून घेऊन गेले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, त्यांना विचार, दोन मोठ्यांत चूक कुणाची?

आपा माझ्याकडं वळून तोडक्या हिंदीत म्हणाले, "मुझे मेरी घास पूछो। मैं बताऊँगा। उन दोनों का, उन दोनों से पूछो।"

आबा पान चावायचे थांबले. आणि मग त्यांनी जे कधी घरातही सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला मोडक्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. अण्णा, तात्या, बाभळ, धोंडा. मेंढरं विकली तो बाजार. आपा ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वो घास तुम्हारी थी?"

आबांनी मान हलवली. "न्हाई."

आपांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरं पान लावायला घेतलं.

उतरताना मी म्हटलं, "आबा, पण तुमी खरं बोललाता."

"खरं बोललो. पर माझं न्हवतं त्ये." मग थोडं चालून, "धोंडा दावाया नगं हुता असं न्हाई म्हनत मी. पर मी आदी सांगाया पायजे हुतं, की बाबांनू, मी हितं बसतो, ह्ये बसनं माझं हाय, ह्येला हात लावू नगा. त्ये कुनाला सांगितलंच न्हाई. आनि गप बसलो त्ये बी सगळ्यावरच बसलो."

मला आबांचं सगळं पटलं असं नाही. अजूनही वाटतं की त्या गावाची मान खाली जायला हवी होती, आबांची नव्हे. पण माझ्या डोक्यात थिंफूच्या साहेबांचं वाक्य वाजत होतं. लिहिलेलं आहे, वाच.

मुक्कामाला होतो त्या घरच्या बाईनं दुपारच्या जेवणाला गव्हासारख्याच एका धान्याचे, आत पाला आणि चीज भरलेले वळलेले गोळे उकडून दिले. आबा म्हणाले, तिखट कडबू. ते खात मी ते निवेदन पुन्हा काढलं. दोन वर्षं माझ्याजवळ होतं, पंचवीस वेळा वाचलेलं. त्यात काय नाही हे मी शोधत आले होते. त्यात काय आहे ते आता वाचलं. आमच्या जागेत चीननं रस्ता काढायला घेतलाय. आधीच्या लेखी करारात असं ठरलेलं नाही. पूर्वी होतं तसं ठेवा. बस. चीनला शिवी नाही. भारताचं तर नावसुद्धा नाही. कोण थोर, कोण चोर, एक शब्द नाही. फक्त आपलं गवत कुठपर्यंत, ते एकदा, लेखी, सगळ्या जगासमोर.

आणि मी लिहून बसले होते की भूतान गप्प बसला.

परतताना जयगावला चहावाल्यानं आबांची तंबाखू जशीच्या तशी काढून दिली. आबांनी ती उघडून वास घेतला आणि त्याच्या तळहातावर निम्मी ओतली.

विश्रामबाग

तिसरं प्रकरण मी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलं. मौन हा शब्द काढून टाकला. मॅडमनी दोन दिवसांत वाचून परत दिलं. शेवटच्या पानावर फक्त सही होती.

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. आई नवीन लुगडं नेसून पहिल्या रांगेत, आबा शेवटच्या, दाराजवळ. बाहेरून आलेले परीक्षक करड्या आवाजाचे होते. त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवलं. "दुबळा देश घाबरून गप्प बसतो, एवढं साधं असताना तुम्ही हे कशाला फिरवून सांगताय?"

मी म्हटलं, सर, मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे का? ते नाही म्हणाले. मी सांगितलं. तीन मुक्काम इकडं, तीन तिकडं. चूळ भरणं. दोन बलाढ्यांच्या मधल्या छोट्याला कुठं बोलावं लागतं आणि कुठं बोलून चालत नाही. मग निवेदनातलं एकेक वाक्य घेतलं. बोलत होते ते आबांनी शिकवलेलं होतं, पण पुरावे माझे होते.

परीक्षा संपल्यावर, वातावरण सैल करायला म्हणून असेल, त्यांनी मागं बघून विचारलं, "बाबा, तुम्हीपण गेला होता म्हणे. तुम्हाला काय वाटतं, बरोबर कोण? भारत का चीन?"

सभागृह हसलं. मी मात्र हसले नाही. मला पुढचं वाक्य पाठ होतं. आमाला काय कळतंय.

आबा उठून उभे राहिले. फेटा सारखा केला.

"त्या दोघांचं त्या दोघास्नी इचारा, सायेब. ही पोरगी माझी हाय. मी तितं हुतो, आनि तिनं खरं लिवलंय. एवढं लिवून घ्या."

आणि खाली बसले.

प्रबंध मंजूर झाला. माळावरच्या आमच्या त्या चार भिंतींवर आता पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर डॉक्टर लावून माझं नाव आहे, खाली आबांचं, आणि त्याखाली पूर्ण पत्ता.